येत असतं, पण ऐनवेळी आठवत का नाही? खुणा, सरमिसळ आणि परीक्षेचा अभ्यास

अभ्यासिका_कॉलेजरोड

स्पर्धा परीक्षांच्या मुलांना मी राज्यघटना आणि आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास शिकवते. प्रत्येक पूर्वपरीक्षेनंतर तीच तक्रार कानावर येते. "मॅडम, येत होतं हो. पेपरात काही केल्या आठवेना, आणि बाहेर येऊन गाडीला किल्ली लावली तर लख्ख आठवलं." मग घरचे म्हणतात, याच्या डोक्यात काही राहतच नाही. बदाम, ब्राह्मी, शंखपुष्पी सुरू होतं. सगळ्यात वाईट म्हणजे हळूहळू मुलंही तसंच मानायला लागतात. हे मला मनापासून खटकतं. पार्किंगमध्ये जे आठवलं ते डोक्यात होतंच की! तिथवर पोचायची वाट तेवढी सापडत नव्हती. हे जितक्या घरांत कळेल तितकं बरं, म्हणून हा धागा काढते आहे.

१९६६ साली टोरांटोमध्ये एंडेल टुल्विंग आणि झेना पर्लस्टोन यांनी शाळकरी मुलांना शब्दांच्या याद्या दिल्या. शब्द गटागटाने होते, प्रत्येक गटाला शीर्षक होतं. लिहायची वेळ आली तेव्हा काहींना कोरा कागद दिला आणि काहींना गटांची शीर्षकं छापलेला. शीर्षकंवाल्यांनी बरेच जास्त शब्द लिहिले, यात नवल नाही. खरी गंमत पुढे आहे. कोऱ्या कागदवाल्यांना नंतर तीच शीर्षकं दिली, तेव्हा 'आठवत नाही' म्हणून सोडून दिलेले कितीतरी शब्द त्यांनीही लिहून दिले. म्हणजे डोक्यात असणं वेगळं आणि वेळेवर हाताला लागणं वेगळं. पुढे १९७३ मध्ये टुल्विंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी यात भर घातली: शिकताना जी गोष्ट मनात सोबत होती, तीच पुढे खूण म्हणून, म्हणजे आठवण बाहेर काढणारा इशारा म्हणून, चांगली चालते. नंतर कुणी आयती दिलेली खूण, ती कितीही जवळची वाटली तरी, तितकी कामाची नसते.

दुसरी बाजू सरमिसळीची. माझ्या वर्गातलं रोजचं उदाहरण सांगते. ७३ वी घटनादुरुस्ती पंचायत राजची, तिने अकरावी अनुसूची आली, विषय २९, अंमल २४ एप्रिल १९९३ पासून. ७४ वी नगरपालिका-महापालिकांची, बारावी अनुसूची, विषय १८, अंमल १ जून १९९३ पासून. एकटी ७३ वी शिकवली तर मुलं आठवड्यानंतरही बिनचूक सांगतात. दुसऱ्या दिवशी ७४ वी शिकवली की २९ कुठले, १८ कुठले, एप्रिल कुठला, जून कुठला, सगळं एकमेकांत मिसळतं. मुलं तीच आणि मेहनतही तेवढीच, फक्त शेजारी तसंच दिसणारं आणखी एक येऊन बसलं. एकाच खुंटीला सारख्या रंगाच्या दहा पिशव्या लावल्या की हवी ती काढताना भलतीच हातात येते, तसं.

यावरही जुनं काम आहे. विसरणं म्हणजे काळानुसार पुसट होत जाणं, असं समजलं जायचं. १९५७ मध्ये बेंटन अंडरवुड यांनी जुन्या प्रयोगांची आकडेवारी पुन्हा तपासली. ज्यांनी आधी एकही यादी पाठ केलेली नव्हती ते एका दिवसात साधारण पाव भाग विसरत. ज्यांनी आधी पंधरावीस याद्या पाठ केल्या होत्या ते त्याच एका दिवसात पाऊण भाग विसरत. वेळ दोघांचा सारखाच गेला होता, फरक होता आधीच्या गर्दीचा. आधीचं नव्याला अडवतं आणि नवं आधीच्यालाही अडवतं, दोन्ही होतं.

तुमच्या कामात, घरात हे कुठे दिसतं? आणि त्यावर काय करता? सगळ्यांनी लिहा, फक्त विद्यार्थ्यांनीच नव्हे.

सातपूर_सीएनसी

ताई, विषय अगदी आमच्या शॉपफ्लोअरवरचा आहे. मी नाशिकमध्ये सातपूरला एका वर्कशॉपमध्ये लेथ, म्हणजे धातूच्या कातकामाचं मशीन, चालवतो. आमच्याकडे दोन कंपन्यांचे दोन लेथ शेजारीशेजारी आहेत. मशीनला हुकूम कोडने द्यायचे: एम ०३ ला स्पिंडल फिरतो, एम ०५ ला थांबतो, एम ०८ कूलंट चालू, एम ०९ बंद, हे दोन्हीकडे सारखं. पण चकचा, म्हणजे जॉब (घडवायचा तुकडा) धरणाऱ्या जबड्याचा, कोड वेगळा. एकावर एम १० ला चक पकडतो आणि एम ११ ला सोडतो. दुसऱ्यावर पकडायला एम ६८, सोडायला एम ६९. कंट्रोल पॅनलवर फीडचा नॉबही एकाचा डावीकडे, एकाचा उजवीकडे.

नवा मुलगा एकाच मशीनवर महिनाभर ठेवला की तयार होतो. त्याला दुसऱ्यावर हलवलं की पहिले काही दिवस हात जुन्या जागी जातो. त्याला विचारा, कोड तोंडपाठ सांगेल. पण जॉब लावताना, मागे सुपरवायझर उभा असताना, हात आधीच्या मशीनचाच चालतो. आणि उलटंही होतं, ताई म्हणतात तसं. दुसऱ्यावर मुरला की परत पहिल्यावर आल्यावर तिथे अडखळतो.

आमच्या जुन्या फोरमनने यावर चांगली युक्ती काढली होती. एका मशीनच्या पॅनलची पट्टी हिरवी रंगवली, दुसऱ्याची पिवळी, आणि पोरांना कोड शिकवताना "हिरव्याचा अकरा, पिवळ्याचा एकोणसत्तर" असं रंगासकट बोलायला लावायचे. समोर हिरवं दिसलं की अकरा आपोआप यायचा. ते निवृत्त झाले, नंतर मशीनला नवा रंग मारताना पट्ट्या गेल्या. आता पुन्हा लावून घ्याव्यात असं हे वाचून वाटतंय.

एक विचारायचंय. जुन्या मशीनची सवय पूर्ण पुसून टाकता येते का?

कॅनडा_कॉर्नर

चांगला धागा. टुल्विंग आणि अंडरवुड यांच्याबद्दल वाद नाही. पण या विषयावर पुढे लोक हमखास पाणबुड्यांचा प्रयोग सांगतात आणि मग "ज्या खोलीत परीक्षा त्याच खोलीत अभ्यास करा", "तेच अत्तर लावा" असे सल्ले सुरू होतात. ते होण्याआधीच लिहितो.

१९७५ चा डंकन गॉडन आणि ॲलन बॅडली यांचा तो प्रयोग. पाणबुड्यांनी काही शब्द काठावर पाठ केले, काही पाण्याखाली. काठावर शिकलेलं काठावर जास्त आठवलं, पाण्यातलं पाण्यात. दिसायला फारच सुंदर. पण २०२१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या याप मुर्रे यांनी तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. आणि जागेच्या परिणामावरचे बरेच प्रयोग एकत्र पाहिले तर परिणाम आहे, पण बेताचा.

त्याहून महत्त्वाचं असं: गॉडन आणि बॅडली यांनीच १९८० मध्ये शब्द आठवून लिहायला न लावता फक्त ओळखायला लावले, तेव्हा जागेने काहीच फरक पडला नाही. तुमच्या पूर्वपरीक्षेत चार पर्याय समोर छापलेले असतात. तिथे खूण प्रश्नपत्रिकेतच आहे. मग परीक्षेचं केंद्र नाशिकरोडला आलं काय आणि पंचवटीत आलं काय, त्यावरून झोप उडवून घेऊ नका.

अभ्यासिका_कॉलेजरोड

@कॅनडा_कॉर्नर, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. अभ्यासिकेत काही मुलं ठरावीक खुर्ची मिळाली नाही तर बसतच नाहीत, त्यांना हे दाखवणार आहे. यालाच जोडून १९७८ चा स्टीव्हन स्मिथ, आर्थर ग्लेनबर्ग आणि रॉबर्ट बियॉर्क यांचा प्रयोग आहे. एकच यादी काहींनी एकाच खोलीत दोनदा वाचली, काहींनी दोन वेगळ्या खोल्यांत एकेकदा. परीक्षा तिसऱ्याच खोलीत. दोन खोल्यांवाल्यांना बरंच जास्त आठवलं. म्हणजे जागा बदलून अभ्यास केला तर आठवण एका खोलीला चिकटून राहत नाही. अभ्यासिकेत जागा मिळाली नाही तर सार्वजनिक वाचनालयात जा, तेही नाही तर गच्चीवर बसा. त्यात नुकसान नाही, झाला तर फायदाच.

@सातपूर_सीएनसी दादा, रंगाची युक्ती अगदी मुद्द्याची आहे. खूण प्रत्येक मशीनची वेगळी केली की सरमिसळ कमी होते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर थोडं नकोसं आहे. जुनं पुसलं जात नाही, दबून राहतं. नवं पक्कं झाल्यावरही मध्ये मोठा खंड पडला की जुनं पुन्हा डोकं वर काढतं. म्हणून सुट्टीवरून परत आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी सांभाळून घ्यायला हवं.

पंचवटीकर

मी वयाने बहुधा इथे सगळ्यांत मोठा असेन. परीक्षा संपून जमाना झाला, पण हा विषय म्हाताऱ्यांचाही आहे.

आमचं दुकान भांडी बाजाराच्या अंगाला. गोदेला पूर आला की आम्ही पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, आणि बुडाला की माल वर चढवायला धावायचं. माझ्या डोळ्यांसमोर १९६९ चा आहे, २००८ चा आहे, २ ऑगस्ट २०१६ चा आहे, ४ ऑगस्ट २०१९ चा आहे. आता बघा, शेवटचे दोन्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातले. मारुती दोन्हीला बुडाला, बाजारात पाणी दोन्हीला शिरलं. आमच्या घरात वाद हा, की खालच्या कपाटातली तांब्याची भांडी आणि वह्या भिजल्या त्या कुठल्या पुरात. मी म्हणत होतो २०१९, धाकटा भाऊ म्हणत होता २०१६. दोघंही शपथेवर सांगायला तयार.

१९६९ चं मात्र कधी मिसळत नाही. तेव्हा मी लहान होतो, वडील होते, दुकानाला लाकडी फळ्या होत्या. त्याच्याजवळ जाणारं दुसरं काहीच नाही.

वाद मिटला तो भिजलेल्या वह्यांवरूनच. वाळवून ठेवलेलं एक बिल निघालं, त्यावर व्हॅट लावलेला होता. जीएसटी आला जुलै २०१७ ला. पण व्हॅटचं जुनं बिल २०१९ मध्येही कपाटात पडलेलं असू शकतं, म्हणून भाऊ जिंकला असं मी लगेच मानलं नाही. मग सुनेने विचारलं, "त्या दिवशी दुकानात कोण कोण होतं ते सांगा." मी आठवत गेलो. आमचा जुना नोकर वह्या हातात घेऊन माळ्याच्या शिडीवर उभा होता, हे चित्र स्पष्ट आलं. तो २०१८ च्या दिवाळीला गावी गेला तो परत आला नाही. म्हणजे २०१६ च. साल विचारून जे मिळेना ते माणसं विचारल्यावर मिळालं.

सिडको_पवननगर

पंचवटीकर काका, तुमच्या सूनबाईंनी जे केलं ते पोलीस तपासात शिकवण्याच्या तोडीचं आहे. अमेरिकेत रॉन फिशर आणि एडवर्ड गायझलमन यांनी १९८० च्या दशकात साक्षीदारांना प्रश्न विचारायची एक पद्धत बसवली. त्यात आधी त्या प्रसंगाची जागा, माणसं, आवाज मनात उभे करायला सांगतात, मग जे येईल ते मध्ये न अडवता बोलू देतात.

पण याची धोक्याची बाजूही लिहितो. प्रश्न हीसुद्धा एक खूणच असते, आणि ती आठवण वळवू शकते. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाला तेव्हा वेग किती होता. दुसऱ्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? दुसऱ्या गटातले जास्त लोक हो म्हणाले. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तेव्हा घरात "तेव्हा मारुतीच्या गळ्याशी पाणी होतं ना?" असं न विचारता "पाणी कुठवर होतं?" असं विचारावं.

बारावी_सायन्स

मी बारावीला आहे. माझ्या दोन अडचणी आहेत. एक, समसूत्री आणि अर्धसूत्री विभाजनाच्या पायऱ्या एकमेकांत जातात. दोन, क्लासमध्ये 'महत्त्वाचे प्रश्न' म्हणून एक यादी दिली आहे, मी तीच रोज करते, पण चाचणीत त्या धड्यातले बाकीचे प्रश्न आधी यायचे तेसुद्धा आता येत नाहीत. असं कसं होईल? रात्री जागून वाचू की पहाटे उठून?

अभ्यासिका_कॉलेजरोड

बाळा, तुझा दुसरा प्रश्न फार नेमका आहे, त्यापासून सुरू करते. तुला जे जाणवलं ते खरं आहे आणि त्यावर काम झालेलं आहे. १९९४ मध्ये मायकेल अँडरसन आणि दोघे बियॉर्क, रॉबर्ट आणि एलिझाबेथ, यांनी लोकांना जोड्या शिकवल्या: फळ आणि संत्रं, फळ आणि केळं, असं. नंतर काही फळांचाच सराव करून घेतला. सराव केलेली फळं अर्थातच चांगली आठवली. पण त्याच गटातली सराव न केलेली फळं, ज्या गटांना हातच लावला नव्हता त्यांच्यापेक्षाही, कमी आठवली. एक वाट रोज तुडवली की त्याच ठिकाणाहून फुटणाऱ्या बाकीच्या वाटा मागे पडतात. म्हणून धड्यातले निवडक प्रश्न रोज घोकणं हे बाकीच्या धड्याला महागात पडतं. उपाय दोन. सराव धड्यावर पसरून कर. आणि मुद्दे सुटे सुटे न ठेवता एकमेकांत गुंफ, यातून ते का आणि त्यातून हे कसं. असं गुंफून शिकलं की हा तोटा बराच कमी होतो.

आता विभाजनाचं. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पानांवर, एकाच पद्धतीने वाचत असशील तर ती मिसळणारच. एका मोठ्या कागदावर दोन्ही शेजारी काढ आणि फक्त फरकाच्या जागा लाल कर. अर्धसूत्रीत पहिल्या विभाजनात समजात गुणसूत्रांच्या जोड्या वेगळ्या होतात, समसूत्रीत अर्धगुणसूत्रं वेगळी होतात. शेवटी पेशी चार की दोन, गुणसूत्रं निम्मी की तेवढीच. सारखं काय आहे ते मन आपोआप धरतं, वेगळं काय ते मुद्दाम शिकावं लागतं.

माझ्या मुलांना मी इतिहासात असंच करायला लावते. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, दांडीयात्रा १२ मार्च १९३० ला निघाली. सुट्या पाठ केल्या तर या तारखा हमखास अदलाबदल होतात. म्हणून मी त्या एका वाक्यात बांधून देते: नाशिकला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, त्यानंतर दहा दिवसांनी साबरमतीहून गांधीजी निघाले. आता एक तारीख दुसरीची खूण होते, अडसर होत नाही. ७३ आणि ७४ चंही तसंच. नाशिक जिल्हा परिषद आणि शरणपूर रोडवरचं महापालिकेचं राजीव गांधी भवन डोळ्यांसमोर आण. गावं आधी, शहर नंतर. ७३ आधी, ७४ नंतर. अकरा आधी, बारा नंतर. एप्रिल आधी, जून नंतर. फक्त विषयांचा आकडा उलटा जातो, २९ चे १८ होतात, एवढंच वेगळं लक्षात ठेवायचं.

आणि पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा मिटून आठव. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी हे ताडून पाहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर वाचल्यावर आठवून लिहिणारे पुढे, त्यांना साधारण ५६ टक्के आठवलं आणि नुसतं वाचणाऱ्यांना ४२ टक्के. आदल्या रात्री वाचून सगळं येतंय असं वाटतं ते म्हणूनच फसवं.

झोप सोडू नकोस. १९२४ मध्ये जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दाखवलं की पाठ केल्यावर झोपलं तर कमी विसरतं, जागं राहिलं तर जास्त. माणसं फक्त दोन होती, पण नंतरच्या पुष्कळ प्रयोगांनी झोपेचा फायदा दाखवला आहे. रात्री वाच, पुस्तक मिटून एकदा आठव आणि मोबाईल न बघता झोप.

त्र्यंबक_मुक्कामी

माझा पुतण्या इथे वेदपाठशाळेत शिकतो. सरमिसळीचा प्रश्न ज्यांना सगळ्यात मोठा असेल ते हे विद्यार्थी. हजारो मंत्र, त्यांत एकाच शब्दाने सुरू होणारे कितीतरी. सुरुवात सारखी आणि पुढे वाट वेगळी, की म्हणणारा नकळत भलत्या ठिकाणी निघून जातो. लिहून घ्यायचं नाही, गुरूंच्या मुखातून संथा घ्यायची आणि म्हणायचं.

यासाठीची रचना मला ताईंच्या लेखनानंतर नव्याने कळली. आधी संहिता, म्हणजे मंत्र जसा आहे तसा. मग पदपाठ, एकेक शब्द सुटा. मग क्रमपाठ: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा. जटेत पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा. आणि घनात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा. असं करत पुढे सरकायचं. यात काय होतं बघा. नेहमीच्या पाठांतरात प्रत्येक शब्द फक्त पुढच्याची खूण असतो. म्हणून आपल्याला स्तोत्र मधूनच सुरू करता येत नाही, पहिल्यापासून म्हणत यावं लागतं. घनपाठात प्रत्येक शब्द मागच्याचीही खूण होतो आणि पुढच्याचीही. घनपाठीला तुम्ही मधला कुठलाही शब्द द्या, तो तिथून चालू करतो. शिवाय दोन सारख्या मंत्रांची वाट जिथे फुटते, तिथले शब्द मागून-पुढून एकमेकांना इतके बांधलेले असतात की पाय घसरत नाही. पुतण्याच्या शाखेत स्वराप्रमाणे हातही हलतो, त्यामुळे स्वर चुकला तर हात अडतो.

हे सगळं परीक्षेच्या अभ्यासाला जसंच्या तसं लावा असं माझं म्हणणं नाही. पण उत्तरावरून प्रश्न आठवायचा सराव करायला काय हरकत आहे? "बारावी अनुसूची" ऐकलं की ७४ यायला हवं, आणि ७४ ऐकलं की बारावी.

इंदिरानगर_गृहिणी

विषय थोडा वळवते, क्षमा असावी. सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. शेजाऱ्यांची नावं आठवत नाहीत, पण पहिलं अक्षर सांगितलं की लगेच येतं. हल्ली मात्र सकाळी बँकेत जाऊन आलेलंच दुपारी आठवत नाही, आणि "पासबुक भरायला गेला होतात ना" म्हटलं तरी "छे, मी कुठे गेलो होतो" म्हणतात. हे तुम्ही लिहिता तसं वाट न सापडण्याचंच आहे का?

डॉक्टर_गंगापूररोड

ताई, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी नीट वेगळ्या करून सांगितल्या आहेत. नाव जिभेवर अडकणं आणि अक्षर दिल्यावर येणं हे वयानुसार वाढतंच. नाव ही गोष्टच तशी आहे. माणसाचा व्यवसाय, घर, स्वभाव यांना पुष्कळ खुणा असतात, नावाला बहुतेक वेळा एकही नसते.

दुसरी गोष्ट मात्र दाखवून घ्या. स्मरणाच्या काही चाचण्यांत आम्ही मुद्दाम खूण देऊन पाहतो. खूण दिल्यावर उत्तर आलं तर आठवण साठलेली आहे, शोध कमी पडतोय. खूण देऊनही, पर्याय दाखवूनही येत नसेल तर आठवण नीट साठलीच नसण्याची शक्यता वाढते, आणि अल्झायमरच्या सुरुवातीला असं दिसू शकतं. पण यावरून घरीच निदान करू नका. थायरॉइड कमी असणं, ब-१२ ची कमतरता, नैराश्य, झोपेची किंवा ॲलर्जीची काही औषधं, कमी ऐकू येणं, यांनीही असंच होतं आणि त्यातलं बरंचसं सुधारतं. ते घेतात ती सगळी औषधं पिशवीत घालून सोबत न्या. तोवर त्यांना "आठवतंय का" असं सारखं विचारून तपासू नका, त्याने माणूस घाबरतो.

कॅनडा_कॉर्नर

वेळापत्रकाबद्दल एक गोष्ट राहिली. १९७६ मध्ये डेलॉस विकन्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना थोडेथोडे शब्द देऊन लगेच विचारलं. शब्द त्याच प्रकारचे देत गेले की प्रत्येक फेरीला आठवण घसरत गेली. चौथ्या फेरीला सगळ्यांना फळांची नावं दिली. आधीच्या तीन फेऱ्या फळांच्याच होत्या त्यांची घसरण चालूच राहिली. भाज्यांवरून फळांवर आलेले थोडेसेच सावरले. व्यवसायांवरून फळांवर आलेले सगळ्यात जास्त सावरले. तेव्हा एका बैठकीत राज्यघटनेनंतर लगेच पंचायत राज घेण्यापेक्षा मध्ये गणित किंवा भूगोलाचा नकाशा घ्या. @त्र्यंबक_मुक्कामी, उत्तरावरून प्रश्नाची कल्पना पटली, उद्यापासून मुलाच्या पाढ्यांवर करतो. छप्पन्न म्हटलं की सात आठे आणि चोपन्न म्हटलं की सहा नवे, तिथेच त्याची रोज गल्लत होते.

अभ्यासिका_कॉलेजरोड

@कॅनडा_कॉर्नर, इथे थोडी असहमत आहे. पहिल्यांदा शिकताना सारखे विषय दूर ठेवा, हे मान्य. पण उजळणीला ते मुद्दाम जवळ आणावेच लागतात, नाहीतर फरक कधी दिसणार? पेपर काढणारा ११ वी आणि १२ वी अनुसूची एकाच प्रश्नाच्या पर्यायांत ठेवतो, तिथे मध्ये गणित येत नाही. मी पहिली ओळख वेगवेगळ्या आठवड्यांत करून देते आणि मग मिसळून चाचणी घेते.

बारावी_सायन्स

मॅडम, मोठ्या कागदावर दोन्ही विभाजनं काढली. लाल खुणा मला वाटल्या होत्या त्याहून कमीच निघाल्या. महत्त्वाच्या प्रश्नांची यादी आता बाजूला ठेवली आहे, धडा मिटून जेवढं आठवेल तेवढं लिहिते आणि मग राहिलेलं शोधते. वेळ जास्त लागतोय, ते चालेल ना?

अभ्यासिका_कॉलेजरोड

चालेल. पहिले दोन आठवडे लागेलच. अडलं की लगेच पुस्तक उघडू नकोस. आधी तो धडा कुठे बसून वाचला, पानावर आकृती कुठे होती, त्याच्या आधी काय होतं, एवढं मनात आणून बघ. मगच उघड.

सातपूर_सीएनसी

आज सुपरवायझरशी बोललो. दोन्ही लेथच्या पॅनलवर रंगीत पट्टी आणि चकचे कोड मोठ्या अक्षरांत लावायला हो म्हणाले. एकाच शिफ्टमध्ये नव्या पोराला दोन्ही मशीनवर फिरवायचं नाही, हेही मान्य झालं. सुट्टीवरून आलेल्याला पहिला जॉब दुसऱ्या कुणासोबत लावायचा, हे मात्र अजून बोलायचं राहिलंय. ते सोमवारी बोलतो.